गढीची पांढरी माती

पालीत आप्पारावांच्या पानमळ्यात शिरायचं म्हणजे देवळात शिरण्यापेक्षा जास्त सोपस्कार होते. अंघोळ झालेली पाहिजे, पायात वहाण नको, आणि बाई असेल तर तिचे ते चार दिवस तर नकोच नकोत. पानवेलीला विटाळ सोसत नाही, बाहेर बसलेल्या बाईची नुसती सावली पडली तरी वेल मान टाकते, असं सगळं गाव मानत होतं. मुलूख निजामाचा, कचेरी बीडला, पण मळ्यावर अंमल होता आप्पारावांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा. मळ्याच्या कुडाला दार म्हणून एकच झाप होती आणि तिच्यातून कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हे त्यांना घरात बसून कळायचं. सुनांचे दिवस त्या सुनांपेक्षा पक्के ध्यानात ठेवायच्या.

मळ्याला लागूनच एक पडीक तुकडा होता. त्याला घरात ‘सुंदरबाईचा मळा’ म्हणत. तिथं मळा नव्हता, तरवड आणि कुसळी होती. तीस वर्षांमागं तिथंही पानवेली होत्या आणि एका हंगामात सगळ्या उभ्या जागी वाळल्या. सुंदरबाई म्हणजे वच्छलाबाईंची धाकटी जाऊ. तिनं विटाळात मळ्यात पाय ठेवला असं ठरलं, तिला माहेरी चकलांब्याला धाडलं, आणि पुन्हा कुणी आणायला गेलं नाही. तेव्हापासून या घरात सुनेला धाक घालायचा तर तेवढंच म्हणायचे, तुझी सुंदरबाई होईल. जिला हे बोलत तिनं त्या बाईला कधी पाहिलेलंही नसायचं.

बायनाबाई ही थोरली सून, रामकिसनची बायको. लग्नाला आठ वर्षं झालेली, पदरात तीन वर्षांची लेक. आठ वर्षांत तिनं मळ्याचा एक नियम मोडला नव्हता. मोडला तो दसऱ्यानंतरच्या एका दुपारी, आणि तोही मळा वाचवायला म्हणून.

बाप्ये पानं घेऊन बीडला गेले होते. सासू आणि धाकटी जाऊ सत्यभामा बिंदुसरा नदीवर गोधड्या धुवायला गेल्या होत्या. बायनाबाई जात्यावर होती आणि तिला कळलं, कावळा शिवला. ती गोठ्याशेजारच्या छपरात जाऊन बसायला म्हणून उठली, तर समोर वाटेवर पाणीच पाणी. मळ्यातला पाट फुटला होता. मोटेवरचा गडी सटवा तिकडं विहिरीवर गाणं म्हणत बैल हाकत होता, तिनं दोन हाका मारल्या त्या त्याला ऐकू गेल्या नाहीत. ओंजळ ओंजळ करून वेलींना द्यायचं पाणी गाडीवाटेच्या चाकोरीत चाललं होतं. ते तिला बघवेना. ती झापेतून आत घुसली, दोन्ही हातांनी चिखल ओढून पाट बांधला आणि उठताना तोल गेला म्हणून एका वेलीला धरलं. तेवढंच. संध्याकाळी सासू आली तेव्हा बायनाबाई छपरात बसलेली होती, आणि कधी बसलीस असं कुणी विचारलं नाही.

आठ दिवसांनी वेलींनी माना टाकायला सुरुवात केली.

आधी शेंडे खाली आले. मग पानं कडेनं पिवळी पडून फडक्यासारखी लोंबायला लागली. गंमत अशी की वाफे ओलेचिंब होते. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत जात होता. आप्पाराव खाली बसून माती चाचपायचे, वर वेलीकडं बघायचे आणि पुन्हा माती चाचपायचे. ‘‘पान्यात हुबी हाय आन तान्हेली हाय,’’ ते म्हणाले. ‘‘असं कदी बगितलं न्हाई.’’

त्यांना वाटलं वेलींची ताकद कमी पडली. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी पडक्या गढीची पांढरी माती गाड्या भरभरून आणून वेलींच्या बुडाशी घातली होती. ज्वारीच्या रानात ही माती पातळ पसरली की पीक तरारून येतं हे सगळ्यांच्या अनुभवाचं. मग पानवेलीला का नको, असा त्यांचा विचार. उरलेली माती अंगणात ढीग करून ठेवली होती, तीही त्यांनी आणून वेलींच्या बुडाशी दाबली. फक्त नागोबाच्या अडचणीच्या कोपऱ्यातले दोन वाफे दोन्ही वेळा मातीवाचून राहिले. त्या दोन वाफ्यांतली पानं मात्र हिरवीगार आणि ताठ होती. तिथं दगडाचा नागोबा होता, तेव्हा देवानं आपल्यापुरतं राखलं असं सगळे म्हणाले आणि त्याला नारळ फोडला. माती तिथं पडली नव्हती हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. देव समोर बसलेला असताना मातीकडं कोण बघतो?

बायनाबाईला त्या दिवसांत भाकरी गोड लागेना. हात रिकामा असला की बोटं पदराशी चाळा करत बसायची. वेलीला धरलेला तळहात ती सारखा लुगड्याला पुसायची, पुसला की पुन्हा बघायची. आपल्या हातानं हे झालं याबद्दल तिला शंका नव्हती. तीही याच गावात, याच समजुतीत वाढलेली होती.

बाजाराच्या दिवशी इलियास तांबोळी पानं न्यायला आला. बीडला त्याचं पानांचं दुकान होतं आणि पालीचं पान तो बापाच्या वेळेपासून नेत होता. त्यानं करंडीतलं एक पान उचललं, देठाला धरून आडवं केलं. पान खाली लोंबलं.

‘‘आप्पा, ये पान मैं कैसे बेचूं? गिऱ्हाईक तोंडावर फेकंल माज्या,’’ तो म्हणाला. ‘‘पान कसं, मोडलं तर कट् वाजलं पायजे. हे तर चिंदी हाय.’’

‘‘पानी लई देतूय बाबा,’’ आप्पाराव म्हणाले.

‘‘पानी द्या, पर कोनतं? एकदा आमच्या गल्लीतली विहीर आटली, तवा मी मशिदीमागच्या खाऱ्या विहिरीचं पानी पानावर मारलं. सकाळचं कडक पान दुपारी असंच पडलं. हजराबी आजून हासती मला.’’ हजराबी त्याची बायको.

‘‘आमची विहीर गोड हाय,’’ आप्पाराव जरा लागल्यासारखं बोलले, आणि विषय तिथं मिटला. ओट्यावर झाडत असलेल्या बायनाबाईनं हे बोलणं ऐकलं, पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही.

इलियास रिकाम्या करंड्या घेऊन गेला आणि त्याच दिवशी वच्छलाबाईंनी दोन्ही सुनांना समोर बसवलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, ‘‘मळ्यात कोन गेलतं?’’

बायनाबाईची लेक तिच्या मांडीवर बसून बांगड्या फिरवत होती. सून माहेरी गेली तर नात इथं राहणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सत्यभामा सोळा वर्षांची, धाकट्या सिदूची बायको, घरात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. हसरी, विसरभोळी, वहाणा कुठं काढल्या तेही ध्यानात न राहणारी. ‘‘म्या एकदा गेलते,’’ ती म्हणाली. ‘‘पान खायाचं मन झालतं म्हनून.’’

‘‘कदी?’’

‘‘याद न्हाई.’’

‘‘तवा तू कशी व्हतीस?’’

पोरगी बोटं मोजायला लागली, चुकली, पुन्हा मोजायला लागली आणि रडायला लागली. वच्छलाबाईंना तेवढं पुरे झालं. अमावस्या झाली की चकलांब्याहून हिच्या बापाला, शहादेवला, बोलवायचं आणि पोरगी त्याच्या गाडीत घालायची असं ठरलं. चकलांबा पुन्हा या घराच्या नशिबात आलं. सिदू उंबऱ्यात उभा होता. आईनं बघितल्यावर तो गोठ्याकडं निघून गेला. अमावस्येला अकरा दिवस होते.

सुरुवातीचे काही दिवस बायनाबाई एका जागी बसली नाही. भांडी घासलेली पुन्हा घासली, सारवलेलं पुन्हा सारवलं. सत्यभामा समोर आली की ही दुसरीकडं वळायची. एकदा तर ती निर्धार करून सासूपुढं जाऊन उभी राहिली आणि ‘‘मीठ संपत आलंय’’ एवढंच बोलून परत आली. स्वतःची इतकी चीड तिला आजवर कधी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढं वाळकाची, त्या गावरान काकडीची, कोशिंबीर करत होती. वाळूक ताजं होतं, चकत्या कडक होत्या. तिनं मीठ लावलं, आणि तेवढ्यात लेक पडली म्हणून उठून गेली. परत आली तर थाळ्यात पाणी साचलेलं आणि चकत्या लुळ्या पडलेल्या. हे तर ती जन्मापासून बघत होती. पण त्या दिवशी एक चकती तिनं दोन बोटांत धरली, ती आडवी केली आणि चकती खाली लोंबली. इलियासच्या हातातलं पान असंच लोंबलं होतं.

ती थाळ्यापुढं बसून राहिली. थाळ्यात पाणी कुणी ओतलं नव्हतं, ते वाळकाच्या आतलं होतं. चकतीला भोक नाही, चीर नाही, तरी पाणी बाहेर आलं होतं. तिनं एक लुळी चकती धुतली आणि चावून बघितली. वरवर खारट, आत तशी फिकीच. म्हणजे मीठ फारसं आत शिरलं नाही, आतलं पाणीच मिठाकडं निघून आलं. मग तिला हरभरे आठवले. रात्री भिजत घातले की सकाळी टरारून फुगतात, सालीला कुठं फट नसते. तिथं पाणी आत जातं, इथं बाहेर येतं. सालीतून पाण्याला वाट आहे, आणि ज्या बाजूला खार जास्त त्या बाजूला ते जातं.

दूरदेशीच्या शिकलेल्या लोकांनी या गोष्टीला तोवर नाव देऊन पुस्तकात घातलेलं होतं. पण पालीत पुस्तक पोचलेलं नव्हतं आणि बायनाबाईला वाचताही येत नव्हतं. तिनं उरलेल्या लुळ्या चकत्या विहिरीच्या गोड्या पाण्याच्या वाडग्यात टाकल्या आणि वाडगा फळीवर ठेवला. भाकऱ्या झाल्यावर बघितलं, तर चकत्या पुन्हा ताठ व्हायला लागल्या होत्या.

ती अंगणात गेली. पांढऱ्या मातीच्या ढिगाचा तळ तेवढा उरला होता आणि दोन शेळ्या तो चाटत होत्या. गढीच्या भिंतींना पिढ्यान्‌पिढ्या लोणा लागलेला, पांढरा पापुद्रा सुटलेला, तो सगळा त्या मातीत होता. तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. जीभ झोंबली. मिठासारखी खारट आणि वर जरा कडवट. शेळ्यांना महिनाभर जे ठाऊक होतं ते घरातल्या कुणाला कळलं नव्हतं.

आता खरं तर तिनं धावत सासऱ्याकडं जायला हवं होतं. पण बायनाबाई जिथल्या तिथं उभी राहिली. वेली खारानं गेल्या असतील. पण आपल्या हातानंही गेल्या असल्या तर? दोन्ही एकदमच घडलं होतं. खाराचं निमित्त पुढं करून आपण स्वतःलाच फसवत असू, हे तिला सतावायला लागलं. सत्यभामेला वाचवायचं तर खाराची गोष्ट पुरली असती. तिला स्वतःला झोप लागायला ती पुरणार नव्हती.

चारच दिवसांनी तिला पुन्हा कावळा शिवला. छपरात बसायची वेळ आली आणि या वेळी ती जवळजवळ खुशीनंच उठली. त्या छपराकडं कुणी फिरकत नसे. मेलेल्या वेलीच्या जागी लावायला म्हणून आप्पाराव फुटक्या मडक्यांत पानवेलीची रोपं धरून ठेवायचे, ती मडकी छपराच्या मागच्या बाजूला सावलीत ओळीनं होती. तिनं एका उंचीची तीन रोपं निवडली. पहिल्याला पांढरी माती कालवलेलं पाणी. दुसऱ्याला विहिरीचं साधं पाणी, तेही स्वतः न घालता सत्यभामेकडून. ‘‘कावून वं?’’ सत्यभामा लांब उभी राहून म्हणाली. ‘‘मला तर हात लावू देत न्हाईत कशाला.’’

‘‘तू घाल. मी सांगते ना.’’

सत्यभामेनं पाणी घातलं. तिचे डोळे सुजलेले होते. ‘‘आक्का, म्या खरंच कशी गेलते ते मला याद न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘आत्याबाई म्हंत्यात तसंच आसंल. सारखं तेच ऐकून मलाबी तसंच वाटाया लागलंय.’’ बायनाबाईनं तिला आणखी थोडं पाणी घालायला सांगितलं.

तिसरं मडकं तिनं स्वतःच्या अंगाजवळ ओढलं. त्याला साधं पाणी घातलं, पण आपल्या हातानं. मग डोळे मिटून वेलीला तळहात लावला. पानं चोळली, देठ धरला, बुडाची माती बोटांनी उकरली. इतका विटाळ कुठल्या पानवेलीला गावाच्या जन्मात कुणी लावला नसेल. नागोबा बघतोय असं वाटून तिनं एकदा मळ्याकडं पाठही केली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मडक्यातली वेल माना टाकून बसली होती. दुसऱ्यातली ताठ. तिसऱ्याकडं बघायला तिला धीर होईना. तिनं मडक्यावर टोपली पालथी घातली, उगाच दोनदा गोठ्यापर्यंत जाऊन आली आणि मग एकदम टोपली उचलली. वेल ताठ होती. तिनं पुन्हा तळहात लावला. तिसऱ्या दिवशीही ताठ. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन ती आली, तेव्हा शेंड्याला कोवळं, तांबूस पान फुटलं होतं. ती मडक्यापाशी बसून रडली. महिनाभर ज्या हाताची तिला शिसारी येत होती त्याच हातानं तिनं डोळे पुसले.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शहादेव गाडी घेऊन आला. अंगानं सुकलेला, बोलायला मऊ माणूस. त्यानं एक शब्द वाकडा काढला नाही, त्यामुळं ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना जास्तच अवघडल्यासारखं झालं. सत्यभामेचं गाठोडं गाडीत गेलं. सिदू बैलांच्या गळ्यातल्या घाटीकडं बघत उभा होता.

बायनाबाई मागच्या बाजूनं आली आणि तिनं दोन मडकी आप्पारावांसमोर ठेवली. सासऱ्यापुढं ती आजवर पदर सावरल्याशिवाय उभी राहिली नव्हती, आज पदर खांद्यावर आला होता.

‘‘मामंजी, हे बगा. याला साधं पानी घातलं. याला गढीच्या मातीचं. आन दोन्ही ओलीच हायत.’’

आप्पारावांनी वाकून पाहिलं. बायनाबाईनं सकाळीच मीठ लावून ठेवलेली वाळकाची लुळी चकती दाखवली, गोड्या पाण्यात ताठ झालेली दाखवली, आणि धापा टाकत सगळं सांगितलं. वेलीच्या मुळीलाही सालच असते. बाहेर खार जास्त झाला की पाणी आत जायचं सोडून आतलंच बाहेर निघतं. वेल पाण्यात उभी राहून तहानेनं मरते. ‘‘नागोबानं कोपरा राखला न्हाई, मामंजी. तिथं माती पडली न्हाई म्हनून तो राह्यला.’’

रामकिसन पुढं सरकला, त्यानं ढिगाच्या तळाची माती उचलून बापाच्या हातावर ठेवली. आप्पारावांनी ती चाखली. तोंड वेडंवाकडं केलं, थुंकले, आणि पुन्हा एक चिमूट चाखली. ज्यानं त्या मातीच्या गाड्या स्वतः हाकल्या त्याला हे गिळायला वेळ लागणारच. ‘‘खार हाय,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘दोनदा घातला म्या.’’

‘‘आसंल खार,’’ वच्छलाबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ‘‘पर विटाळ वायला आन खार वायला. खार हाय म्हनून विटाळ झाला न्हाई, असं कुटं हाय? पोरीचं ठरलंय ते ठरलंय.’’

आप्पारावांनी बायकोकडं बघितलं आणि मान खाली घातली. शहादेवनं कासरा हातात घेतला.

बायनाबाई पुन्हा मागं गेली. वाटेत लेक आडवी आली, तिला तिनं उचललं नाही, नुसतं बाजूला केलं. तिसरं मडकं तिनं बाकीच्या दोन्हींशेजारी ठेवलं.

‘‘ही वेल मी छपरात संगट घिऊन बसलते,’’ ती म्हणाली. ‘‘त्या चार दिवसांत रोज हात लावला. पानी मी घातलं. शेंड्याला नवं पान आलंय ते बगा.’’ आणि सगळ्यांनी ते पान नीट बघायच्या आत तिनं पुढचंही सांगून टाकलं, कारण थांबली असती तर तिला पुन्हा बोलता आलं नसतं. ‘‘आन दसऱ्यानंतर मळ्यात सत्यभामा न्हाई, मी गेलते. पाट फुटलता. मी तवा बाहेरची व्हते. वेलीला धरलंबी. धाडायचं तर मला धाडा.’’

गाडीतून सत्यभामा तोंडावर हात ठेवून बघत होती. रामकिसननं खाली वाकून लेकीला उचललं आणि घट्ट धरलं. बायनाबाई सासूकडं बघत होती, येईल ते झेलायला तयार होऊन.

वच्छलाबाई उठल्या. मडक्यांपाशी येऊन बसल्या. त्यांनी बोट पुढं केलं, कोवळ्या पानाजवळ नेलं आणि तसंच हवेत ठेवलं. मग सुनेला न बघता नवऱ्याला विचारलं, ‘‘सुंदरबाईचा मळा गेला, त्या साली तुमच्या वडलांनी माती कुटली घातलती?’’

आप्पारावांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते म्हणाले, ‘‘गढीचीच की. बुरूज पडलता त्या साली. आमी दोगं भाऊच वाहत व्हतो.’’

‘‘ही पांढरी?’’

‘‘हीच.’’

वच्छलाबाईंनी बोट मागं घेऊन मुठीत धरलं. ‘‘त्या साली मळ्यात मी गेलते,’’ त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की सिदूला पुढं यावं लागलं. ‘‘सुंदरबाई न्हाई, मी. मला वाटलं माज्यानंच गेला मळा. तिचं नाव निगालं आन मी बोलले न्हाई. ती रडत व्हती गाडीत, आन मी हितंच हुबी व्हते.’’

तीस वर्षं झापेवर पहारा कशाचा चालला होता हे बायनाबाईला आत्ता कळलं. तिला सासूचा राग आला, आणि राग पुरा यायच्या आत तिला स्वतःचे ते अकरा दिवस आठवले.

वच्छलाबाई शहादेवकडं वळल्या. ‘‘भाऊ, तुमच्या गावातली ती. कशी हाय?’’

शहादेवनं कासरा खाली ठेवला. ‘‘वारली की,’’ तो म्हणाला. ‘‘चार वर्सं झाली. आमच्याच आळीत व्हती. भली बाई. फकस्त झाडाला हात लावायची न्हाई. दारातल्या तुळशीलाबी शेजारणीकडून पानी घालून घ्यायची. म्हनायची, माजा हात वाईट हाय.’’ त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘आदी म्हनायची म्या गेलेच न्हाई मळ्यात. पुडं पुडं म्हनायची, गेले आसंन, याद न्हाई.’’

वच्छलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, गाडीपाशी गेल्या, सत्यभामेचं गाठोडं स्वतः उतरवलं आणि ओट्यावर आणून ठेवलं. पोरगी उतरायला घाबरत होती, तिला दंडाला धरून उतरवलं. मग त्या आप्पारावांना म्हणाल्या, ‘‘माती उकरून काडा समदी. सटवाला सांगा, मोट थांबवू नको. गोडं पानी वाहू दे बुडातनं, खार निगंपत्तुर.’’

बाप्ये खोरी घेऊन मळ्याकडं गेले. सिदू सगळ्यांच्या पुढं होता. शहादेवनंही बैल सोडले आणि तोही त्यांच्यामागं निघाला.

सत्यभामा बायनाबाईच्या लेकीला घेऊन घरात गेली आणि अंगणात सासू-सून दोघीच राहिल्या. वच्छलाबाई पुन्हा मडक्यांपाशी बसल्या आणि त्या माना टाकलेल्या पहिल्या वेलीकडं बघत राहिल्या. ‘‘बायने,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ही जगंल का आता?’’

‘‘माती बदलून साधं पानी दिलं तर जगंलबी, आत्याबाई. फार दिस झाले न्हाईत हिला.’’

वच्छलाबाईंनी मान हलवली. त्यांनी मडकं मांडीजवळ घेतलं आणि बोटांनी खारी माती उकरायला लागल्या. बायनाबाई विहिरीवरून तांब्या भरून आणायला गेली.